सोशल नंबर नाही, तरी सॅटला बसता येतं: ओळखपत्राची तयारी, पायरीपायरीने

दर ऑगस्ट-सप्टेंबरात ठरलेला फोन येतो. कधी आई असते, कधी मुलगा स्वतः. "ताई, याला सोशल नाही. सॅटला बसू देतील का?" सोशल म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, तो कायदेशीर स्टेटस (इथे राहण्याची परवानगी) नसलेल्या मुलांना मिळत नाही. सॅट आणि तिच्यासारखीच एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षा. मी न्यू जर्सीत राहते. शनिवार-रविवारी आपल्या मुलांना कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करते, आणि या प्रश्नाचं माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. बसू देतात. सॅट आणि एसीटी घेणाऱ्या संस्थांना समोरचा विद्यार्थी नोंदणीतलाच आहे ना, एवढंच पाहायचं असतं. व्हिसा, ग्रीन कार्ड, आय-९४ (देशात आल्याची नोंद) यांतलं काहीही त्या मागत नाहीत.

तरीही दर वर्षी एक-दोन मुलं दारातून परत येतात. स्टेटसमुळे परत आलेलं एकही मूल मला आठवत नाही. कुणाचा पासपोर्ट संपलेला असतो, कुणाच्या नावात वडिलांचं नाव घुसलेलं असतं, कुणी ओळखपत्राचा फोटो फोनवर घेऊन येतं. म्हणून हा लेख.

आपल्याकडे स्टेटस नसण्याची ही वेळ तीन-चार वाटांनी येते. व्हिजिटर व्हिसावर आलेलं कुटुंब परत गेलं नाही. वडिलांची नोकरी गेली आणि साठ दिवसांत दुसरा एच-१ (नोकरीचा व्हिसा) मिळाला नाही. किंवा मूल एच-४ वर, म्हणजे एच-१वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर वाढलं, ग्रीन कार्डाची रांग हलली नाही आणि वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली. स्टेटसचं पुढे काय करायचं ते इमिग्रेशन वकिलाला विचारा. इथे फक्त परीक्षेच्या दारापर्यंतचा रस्ता आहे.

## पायरी १: परीक्षा लागते का, ते आधी बघा

एका सॅटचे ६८ डॉलर पडतात. ते भरण्याआधी मूल कुठे अर्ज करणार आहे ती यादी काढा. कॅलिफोर्नियातली यूसी आणि कॅल स्टेट विद्यापीठं प्रवेशासाठी सॅट-एसीटीचे गुण बघतच नाहीत. फक्त तिथेच अर्ज करायचा असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. उलट फ्लोरिडातल्या सरकारी विद्यापीठांना गुण लागतात, एमआयटीने २०२२ मध्ये अट परत आणली आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठानेही ती पुन्हा लावली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काही राज्यांत परीक्षेला बसता येतं, पण कॉलेजचंच दार बंद असतं. साउथ कॅरोलिनात अनडॉक्युमेंटेड (स्टेटस नसलेल्या) विद्यार्थ्यांना सरकारी कॉलेजात प्रवेश नाही. जॉर्जियात सर्वांत मागणी असलेल्या सरकारी विद्यापीठांत तीच बंदी आहे. टेक्सासने राज्यातल्या मुलांच्या दराने फी घेण्याची सवलत २००१ पासून दिली होती, ती २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाच्या आदेशाने थांबली. फ्लोरिडानेही त्याच वर्षी ती काढून घेतली. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या मुलीला काय मिळालं यावर विसंबू नका.

## पायरी २: नोंदणीच्या आधी ओळखपत्र हातात घ्या

सगळ्यात जास्त चूक क्रमाची होते. लोक आधी नोंदणी करतात आणि परीक्षेच्या आठवड्यात ओळखपत्र शोधायला लागतात. उलटं करा. दारात जे कार्ड दाखवणार ते आज टेबलावर ठेवा आणि त्यावर आहे तेच नाव नोंदणीत टाका.

शाळेचं ओळखपत्र. हायस्कूलच्या मुलासाठी सर्वांत सोपा मार्ग. मूल आत्ता ज्या शाळेत आहे तिचंच हवं, त्यावर नाव आणि ओळखू येईल असा फोटो हवा, आणि चालू शैक्षणिक वर्षाचं हवं. सॅटसाठी मागच्या शैक्षणिक वर्षाचं कार्ड डिसेंबरपर्यंत चालतं. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालामुळे सरकारी शाळा स्टेटसवरून मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, त्यामुळे या कार्डासाठी कुणी इमिग्रेशनचे कागद मागण्याचा प्रश्न येत नाही. अडचण वेगळीच असते. अनेक शाळांच्या कार्डावर फोटो नसतो, किंवा कार्ड आता फोनमधल्या अ‍ॅपमध्ये गेलेलं असतं. शाळेच्या ऑफिसात जाऊन छापील प्लास्टिक कार्ड मागा.

भारतीय पासपोर्ट. परदेशी पासपोर्ट चालतो. आतला व्हिसा संपलेला असला तरी परीक्षेच्या दृष्टीने फरक पडत नाही. पासपोर्ट मात्र स्वतः मुदतीत हवा, आणि आपली मुलं अडकतात ती इथेच. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षांचा असतो. आठवीत काढलेला पासपोर्ट बारावीत संपतो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण या कुटुंबात विमानाने कुणी कुठे जात नसतं.

> सावधान: घरात कुणाचा आश्रयाचा अर्ज चालू असेल, तर पासपोर्ट नूतनीकरणासाठी भारतीय कॉन्सुलेटकडे जाण्याआधी वकिलाशी बोला. ज्या देशाची भीती सांगून आश्रय मागितला त्याच देशाकडे पासपोर्ट मागणं त्या अर्जाला जड जाऊ शकतं. परीक्षेसाठी एवढी जोखीम घ्यायची गरज नाही, शाळेचं कार्ड पुरतं.

राज्याचं लायसन्स किंवा ओळखपत्र. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन अशी बरीच राज्यं स्टेटस न पाहता लायसन्स देतात. कॅलिफोर्नियाच्या अशा कार्डावर वर 'फेडरल लिमिट्स अप्लाय' असं छापलेलं असतं. ती ओळ वाचून मुलं घाबरतात आणि कार्ड घरी ठेवून येतात. तिचा परीक्षेशी संबंध नाही. ती ओळ संघीय सरकारच्या कामांपुरती आहे, आणि सॅट किंवा एसीटी घेणाऱ्या संस्था सरकारी नाहीत. कार्ड खुशाल दाखवा. नवं लायसन्स टपालाने येईपर्यंत हातात देतात तो तात्पुरता कागद मात्र चालत नाही.

> सावधान: मोटार खात्याच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचाही चौकोन असतो. काउंटरवरचा माणूस सवयीने "साइन हिअर" म्हणतो आणि मूल सही करतं. तिथे थांबा. आपण अमेरिकन नागरिक आहोत असं कुठेही लिहिलं गेलं, चुकून का होईना, तर ते पुढे ग्रीन कार्डाच्या वाटेत कायमचं आडवं येऊ शकतं.

शहराचं कार्ड. न्यू यॉर्क शहरात 'आयडीएनवायसी' मिळतं. वय दहा किंवा त्याहून जास्त असेल तर अर्ज करता येतो आणि स्टेटस विचारत नाहीत.

डाकाचं वर्क परमिट. डाका म्हणजे लहानपणी अमेरिकेत आलेल्या, स्टेटस नसलेल्यांना मिळणारं तात्पुरतं संरक्षण. पालक अजूनही "डाका करून घेऊ" म्हणतात. त्यासाठी १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहत असणं लागतं. आज अकरावी-बारावीत असलेलं मूल तेव्हा जन्मलेलंही नव्हतं. हा रस्ता या मुलांसाठी नाही. मोठ्या भावंडाकडे असेल तर त्याला ते कार्ड ओळखपत्र म्हणून चालतं.

आता काय चालत नाही तेही सांगते, कारण दारात पुढे केले जातात ते हेच कागद: जन्माचा दाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, फोटो असलेलं बँकेचं कार्ड, कामाच्या ठिकाणचं कार्ड, कशाचीही झेरॉक्स, आणि फोनमधला फोटो. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून आणला तरी ती झेरॉक्सच राहते. आपल्याकडे 'ट्रू कॉपी' चालते, इथे नाही.

> तपासा: मूल २१ वर्षांचं झालं असेल तर सॅटसाठी शाळा-कॉलेजचं कार्ड चालत नाही, सरकारी ओळखपत्रच लागतं. एच-४ वरून बाहेर पडलेली आणि उशिरा परीक्षा देणारी मुलं इथे फसतात.

## पायरी ३: नाव जुळवा

या पायरीवर घाई करू नका.

समजा मुलाचं नाव ओंकार दिलीप जाधव. भारतीय पासपोर्टात मधल्या नावाचा रकाना नाही. त्यामुळे 'गिव्हन नेम' मध्ये 'ओंकार दिलीप' आणि 'सरनेम' मध्ये 'जाधव' असं असतं. शाळेने प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट पाहून पहिलं नाव 'ओंकारदिलीप' असं जोडून टाकलेलं असतं. शिक्षक 'ओमी' म्हणतात. आणि सॅटचं खातं मुलाने नववीत स्वतःच उघडलेलं असतं, 'ओमी जाधव' या नावाने! माणूस एक, नावं चार.

नियम सोपा आहे. पहिलं नाव आणि आडनाव नोंदणीत आणि ओळखपत्रावर सारखं हवं. मधलं नाव दिलंच पाहिजे असं नाही, पण दिलं तर त्याचं पहिलं अक्षर ओळखपत्राशी जुळायला हवं. ओंकारने पासपोर्ट दाखवायचा ठरवला तर नोंदणीत पहिलं नाव ओंकार, मधलं अक्षर 'डी', आडनाव जाधव. शाळेचं कार्ड दाखवायचं असेल आणि त्यावर नुसतं 'ओंकार जाधव' असेल, तर मधलं अक्षर रिकामं सोडा.

काही पासपोर्टांत आडनावाचा रकानाच रिकामा असतो. मग आहे ते नाव आडनावात जातं आणि अमेरिकन कागदांवर पहिलं नाव म्हणून 'एफएनयू' येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. एका मुलीच्या शाळेच्या कार्डावर खरंच 'एफएनयू' छापलेलं पाहिलंय मी. वर्गात तिला कुणीतरी 'फनू' म्हणायला लागलं होतं. असं असेल तर आधी शाळेच्या ऑफिसात नाव दुरुस्त करून घ्या, नवं कार्ड घ्या, मग नोंदणी करा.

स्पेलिंगही बघा. देशपांडे, गायकवाड, क्षीरसागर अशा आडनावांची रोमन स्पेलिंगं घराघरात वेगळी. बापाच्या लायसन्सवर एक, मुलाच्या पासपोर्टवर दुसरं. मुलाच्या ओळखपत्रावर जे आहे तेच धरायचं, बरोबर वाटतं ते नाही.

> तपासा: ओळखपत्र डाव्या हातात, स्क्रीनवर नोंदणी. एकेक अक्षर मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. जन्मतारीखही. आपण दिवस आधी लिहितो, इथे महिना आधी. ५ नोव्हेंबरचं मूल ११ मेचं होऊन बसतं.

चूक नोंदणीनंतर सापडली तर खात्यात स्वतः खाडाखोड करत बसू नका आणि दुसरं खातं तर उघडूच नका. परीक्षा संस्थेला फोन करा, आणि तो नोंदणीची मुदत संपायच्या आत करा.

## पायरी ४: नोंदणी करा, गाळायचं ते गाळा

सोशल नंबर परीक्षेसाठी लागत नाही. शून्यं टाकायची नाहीत, बापाचा नंबर टाकायचा नाही, बनावट तर नाहीच.

शाळेचा सहा आकडी कोड काउन्सेलरकडून (शाळेतल्या मार्गदर्शकाकडून) घ्या. नोंदणीत पुढे आई-वडिलांचं शिक्षण, आवडीचे विषय, कोणत्या कॉलेजांना माहिती द्यायची असे पानभर प्रश्न येतात. ते ऐच्छिक असतात. मुलं 'नेक्स्ट' दाबत जातात आणि सगळी माहिती देऊन बसतात. या कुटुंबांना मी सांगते की लागतं तेवढंच भरा.

फी परवडत नसेल तर माफी मिळते. सॅटला दोन वेळा, तीही अकरावी-बारावीतल्या मुलांना. अट कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे. मूल शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण घेत असेल तर तेवढ्यावर काम होतं. माफीसाठी काउन्सेलरकडे जा. एसीटीचंही तसंच, अमेरिकेत परीक्षा देणाऱ्या मुलाला नागरिकत्वाची अट नाही.

एसीटीला मुलाचा फोटो नोंदणीत चढवावा लागतो आणि त्याची वेगळी मुदत असते. ती चुकली तर पैसे भरलेले असूनही बसू देत नाहीत. उजेडात, समोरून, टोपी-गॉगल न घालता काढलेला फोटो हवा. लग्नातला फोटो कापून चढवलेला एकदा पाहिलाय, शेजारच्या मावशीचा खांदा त्यात आलेला. तो परत आला.

केंद्र निवडताना अंतराबरोबर रस्ताही बघा. दक्षिण टेक्साससारख्या भागात सीमेपासून बरंच आत, महामार्गावर बॉर्डर पेट्रोलची (सीमा पोलिसांची) तपासणी नाकी असतात, तिथे स्टेटस विचारतात. फाल्फुरियसचं नाकं सगळ्यांना माहीत आहे. असं नाकं ओलांडावं लागेल असं केंद्र घेऊ नका, भले पुढची तारीख घ्यावी लागो. जवळचं केंद्र लवकर भरतं, म्हणून नोंदणी उघडल्या उघडल्या करा. सॅटची मुदत परीक्षेच्या साधारण दोन आठवडे आधी संपते.

या सगळ्यातून वाचण्याची एक वाट आहे आणि ती फार कमी पालकांना माहीत असते. मिशिगन, कोलोराडो, कनेक्टिकट अशा राज्यांत अकरावीच्या मुलांची सॅट शाळेतच, शाळेच्या वेळेत होते. घेणारे आपलेच शिक्षक, मुलाला नावाने ओळखणारे, त्यामुळे ओळखपत्राचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. शनिवारची सॅट आणि शाळेच्या दिवशीची सॅट, गुणांची किंमत सारखीच. काउन्सेलरला विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा.

## पायरी ५: कोणतंच ओळखपत्र नसेल तर

शाळेच्या कार्डावर फोटो नाही, पासपोर्ट संपलेला, राज्य लायसन्स देत नाही. अशा मुलांसाठी दोन्ही परीक्षा संस्थांचा स्वतःचा ओळख फॉर्म असतो. संकेतस्थळावरून फुकट मिळतो आणि अमेरिकेतल्या केंद्रांवर चालतो. लोक तो चुकीच्या क्रमाने भरतात, म्हणून असा करा:

१. फॉर्म छापा. दोन प्रती. एक बिघडतेच.

२. मुलाचा ताजा पासपोर्ट आकाराचा फोटो घ्या. फॉर्मवर चिकटवा, पण सही करू नका.

३. काउन्सेलर किंवा मुख्याध्यापकांची वेळ घ्या. त्यांच्यासमोर मुलाने सही करायची, मग त्यांनी. घरून सही करून नेलेला फॉर्म त्यांनी नाकारला तर त्यांची चूक नाही.

४. शाळेचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर आला पाहिजे. पूर्ण फोटोवर किंवा पूर्ण बाजूला मारलेला शिक्का म्हणजे फोटो बदलायची सोय. ऑफिसातली बाई घाईत असते, ती शिक्का मारताना तुम्ही कागदाकडे बघा.

५. वर नाव काय लिहिलंय ते नोंदणीशी पुन्हा ताडा.

घरी शिकणाऱ्या मुलांना शाळा नसते, त्यांनी नोटरीसमोर सही करायची. नोटरी नात्यातला नको, काका नोटरी असला तरी बाहेरच्याकडे जा. आणि नोटरीचा शिक्का इथे या फॉर्मवर चालतो, झेरॉक्सवर नाही, हे पुन्हा सांगते.

आपल्या मुलांची एक गंमत आहे. त्यांना सहीच नसते. टॅब्लेटवर बोटाने ओढलेली रेघ, तीही दर वेळी वेगळी. परीक्षेच्या दिवशी पुन्हा सही मागू शकतात आणि ती जुळायला हवी. फॉर्मच्या आधी आठवडाभर वहीत रोज दहा सह्या करायला लावा.

> सावधान: काउन्सेलरला स्टेटस सांगायची गरज नाही. "याच्याकडे फोटोचं ओळखपत्र नाही, हा फॉर्म हवा आहे" एवढं पुरे. अशी वेळ नागरिक असलेल्या कित्येक मुलांवरही येते. फॉर्म जून-ऑगस्टात मागू नका, शाळा बंद असते आणि शिक्का कपाटात. ऑगस्टच्या परीक्षेला बसायचं तर मे महिन्यातच करून घ्या.

## पायरी ६: आदली रात्र आणि सकाळ

सॅट आता अमेरिकेत पूर्णपणे संगणकावर आहे, २०२४ च्या मार्चपासून. ती ज्यातून देतात त्या 'ब्लूबुक' अ‍ॅपमध्ये परीक्षेची मांडणी ('एक्झाम सेटअप') एक ते पाच दिवस आधी करायची, ती केल्यावर प्रवेशपत्र निघतं. ते छापा. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र एकाखाली एक ठेवून नाव शेवटचं वाचा.

पिशवीत ओळखपत्र, प्रवेशपत्र, चार्ज केलेला लॅपटॉप, चार्जर, पेन. आणि काय ठेवायचं नाही तेही ऐका: इमिग्रेशनची फाइल. आई काळजीपोटी जुना व्हिसा, आय-९४, कोर्टाची पत्रं असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देते, "लागलं तर असू दे" म्हणून. लागत नाही. मूल घाबरून तेच पुढे करतं, आणि जो प्रश्न कुणी विचारला नव्हता त्याचं उत्तर देऊन बसतं.

सॅटचं दार साधारणपणे ८ ला बंद होतं. साडेसातला पोचा. दारावरचे लोक बहुतेक वेळा त्याच शाळेचे शिक्षक असतात. ते यादीत नाव बघतात, फोटो बघतात, चेहरा बघतात. मधल्या सुट्टीनंतर आत येताना ओळखपत्र पुन्हा मागू शकतात, म्हणून ते बाकावर हाताशी ठेवा. डबा गाडीत आणि कार्ड डब्यात, असं करू नका.

## परत पाठवलं तर

वाद घालू नका, आणि मुलाला रडत एकटं गाडीकडे येऊ देऊ नका. पालकाने नोंद होईपर्यंत बाहेर थांबावं ते यासाठीच. नेमकं कशात अडलं ते मुलाने शांतपणे विचारावं: नाव, फोटो, मुदत, की कार्डाचा प्रकार. केंद्राचा क्रमांक आणि वेळ तिथेच कागदावर लिहून घ्या. घर जवळ असेल आणि आठ वाजले नसतील तर योग्य कार्ड आणता येतं. एका बापाने सात मिनिटांत आणलेलं मी पाहिलंय. शाळेचं कार्ड जिमच्या पिशवीत होतं.

वेळ गेली असेल तर फी बहुधा बुडाली. सोमवारी परीक्षा संस्थेला फोन करा, नाव किंवा खात्याची चूक असेल तर ती त्याच फोनवर दुरुस्त करून घ्या, आणि काउन्सेलरकडे ओळख फॉर्म मागा. पुढची तारीख त्यानंतरच घ्या, दुरुस्त झालेलं नाव स्क्रीनवर दिसल्यावर.